मी पॉपलवेल नव्हे

सोमवार, २ सप्टेंबर १९७४
संध्याकाळी ६.४०

लव्हिबॉन्ड साहेब ऑक्टोबरअखेर निवृत्त होणार. आज नोटीस लागली. म्हणजे फ्लोअर मॅनेजरची जागा रिकामी होणार, म्हणजे ती मला मिळणार. पेटिफर अँड क्रेनच्या पुरुषांच्या कपड्यांच्या विभागात एकोणतीस वर्षं काढली आहेत मी. गालिचा विभागाच्या क्वेलनेही अर्ज केलाय म्हणे. आधी हसू आलं, मग राग आला. गालिचे विकायला लागतं काय? गुंडाळी उलगडायची आणि बाजूला उभं राहायचं.

निश्चय: जागा मिळेपर्यंत कुणावरही चिडायचं नाही.

दुपारी एक गृहस्थ सडपातळ माणसांच्या पँटी चिवडत होते. मी वीस पावलांवरून, टेपला हात न लावता सांगितलं, साहेब, कंबर बेचाळीस, तुमचं कपाट डावीकडे! ही विद्या या मजल्यावर फक्त माझ्याकडे आहे. गृहस्थ काही न घेता निघून गेले. सोबतची बाई हसत होती. लोकांना सेवा नकोच असते. संताप आला. (निश्चय उद्यापासून.)

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज टीव्हीवर नवी विनोदी मालिका. नाव 'दुसरा मजला'. एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्यांच्या गमती. आणि लेखक कोण, तर रॉय स्पिंक! हा स्पिंक दहा वर्षांपूर्वी दीड वर्ष आमच्याकडे होता. फर्निचरच्या शो-विंडोत मांडलेल्या पलंगावर दुपारी झोपायचा. बाहेर रस्त्यावर गर्दी. मी लेखी तक्रार केली आणि त्याला काढलं. हा आयुष्यात काही करणार नाही, असं तेव्हाच बायकोला, एनिडला, सांगितलं होतं.

एनिडला बजावलं, असला कचरा आपल्या घरात लागणार नाही.

रात्री ९

मी उभ्यानेच बघितलं. उभ्याने बघणं म्हणजे बघणं नव्हे.

मुख्य पात्र एक पॉपलवेल नावाचा विभागप्रमुख. आढ्यतेखोर, चिडका, हाताखालच्यांच्या तक्रारी करणारा. गिऱ्हाइकाची कंबर अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडून सांगतो. हुबेहूब क्वेल! बिचाऱ्याची बढतीची उमेद आजच संपली. मला त्याची कीव आली आणि खूप बरं वाटलं.

एनिड मध्येच स्वयंपाकघरात पळाली, डोळे पुसत परत आली. विचारलं तर म्हणाली, कांदा. आज जेवायला हॅम आणि उकडलेला कोबी होता. कांदा कुठून आला?

शुक्रवार, ६ सप्टेंबर

कँटीनमध्ये शिरलो तर सगळे हसत होते. मला पाहून एकदम गप्प झाले. माझ्याबद्दलचा आदर, दुसरं काय. क्वेल कोपऱ्यात बसला होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, क्वेल, मनाला लावून घेऊ नका, चार दिवसांत लोक विसरतील. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, थ्रेलफॉल, तुम्ही पाठीशी आहात म्हणून सहन करतोय. त्याचा चेहरा लाल झाला आणि तो घाईने बाहेर गेला. जिन्यातून बराच वेळ त्याचा आवाज येत होता. रडत असावा.

शुक्रवार, १३ सप्टेंबर

काल दुसरा भाग. पॉपलवेल लिफ्टमध्ये शीळ घातल्याबद्दल एका मुलीची तक्रार करतो. तीन प्रतींत.

क्वेलने जन्मात तक्रार केलेली नाही. त्याला शुद्धलेखन येत नाही. यंदा मजल्यावरून अकरा तक्रारी गेल्या आणि त्या सर्व मी लिहिल्या.

योगायोग असेल. स्पिंकने क्वेलमध्ये थोडी भेसळ केली असेल.

सकाळी बसथांब्यावर एक लॉरीवाला खिडकीतून ओरडला, काय हो, माझी कंबर किती? मी सवयीने सांगितली, अडतीस. अख्खी रांग हसली. बसमध्ये उभ्याने आलो, रागाने बसवेना.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आज सोक्षमोक्ष लावला. मिस प्रॉसर हातमोज्यांच्या काउंटरवर असते. वेल्सची आहे, पण समंजस. मी चहाच्या वेळी म्हणालो, मिस प्रॉसर, क्वेलवर असा हल्ला व्हायला नको होता. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, मि. थ्रेलफॉल, तुम्हाला खरंच कळलेलं नाही का? मी म्हणालो, काय? ती म्हणाली, अहो, सगळा मजला म्हणतोय तो तुम्ही आहात म्हणून. क्वेल तर तुमची नक्कल करून दाखवतो. फार छान करतो.

फार छान करतो!

पुढचं नीट आठवत नाही. कप माझ्याच हातून फुटला म्हणतात. दुपारी दोन गिऱ्हाइकांना एकच बाही दोनदा दाखवली.

घरी आल्यावर एनिडला विचारलं, तुला माहीत होतं? ती म्हणाली, ऑब्री, तो माणूस तुझ्यासारखा अजिबात नाही. मग म्हणाली, त्याला केस आहेत.

टीव्ही कंपनीला पत्र लिहिलं. सात पानं. सातव्या पानावर कागद फाटून शाई पलीकडे गेली.

मंगळवार, २४ सप्टेंबर

उत्तर आलं. पॉपलवेलचं काम करणाऱ्या नटाचा फोटो, खाली त्याची सही. 'ऑब्रीस, प्रेमपूर्वक'.

कचऱ्याच्या डब्यात फेकला. तासाभराने बघतो तर एनिडने तो पुसून घड्याळामागे लावलेला. मी म्हणालो, या घरात एक तर तो राहील नाही तर मी. ती म्हणाली, चहा गार होतोय.

दोन महिने एनिडशी बोलायचं नाही असं ठरवलं. (मग विचारावं लागलं, इस्त्रीचा शर्ट कुठे आहे.)

शुक्रवार, २७ सप्टेंबर

अर्धा दिवस रजा घेऊन वकिलाकडे गेलो. अब्रुनुकसानीचा दावा ठोकणारच. वकिलाने शांतपणे ऐकलं. म्हणाला, मि. थ्रेलफॉल, कोर्टात तुम्हाला सिद्ध करावं लागेल की हा चिडका, गर्विष्ठ, हास्यास्पद माणूस म्हणजे हुबेहूब तुम्हीच. साक्षीदार आहेत? मी म्हणालो, हवे तेवढे. अख्खा मजला येऊन शपथेवर सांगेल. तो म्हणाला, त्याबद्दल मला शंका नाही.

समाधानाने निघालो. बसमध्ये बसल्यावर तो काय म्हणाला ते कळलं. पुढच्याच थांब्यावर उतरून परत गेलो. ऑफिस बंद झालं होतं. दाराला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

एक सांगायला हवं: त्याचा कोट खांद्यात दोन इंच सैल होता. असल्या माणसाच्या हाती माझी अब्रू!

शनिवार, ५ ऑक्टोबर

अंगठ्यामुळे दिवसभर लंगडत होतो. त्यात मजल्यावर गर्दी. लोक खरेदीला नव्हे, मला बघायला येतात. एका बाईने मला बोटाने टोचून पाहिलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ओरडा ना हो एकदा, माझी कंबर सांगा. मी म्हणालो, साहेब, मी सर्कशीतला प्राणी नाही. तर ते टाळ्या वाजवायला लागले. म्हणे, अगदी तस्संच!

मी काहीही बोललो तरी लोक हसतात. न बोललो तर जास्त हसतात. उद्या रविवार आहे म्हणून वाचलो.

सोमवार, ७ ऑक्टोबर

धाकट्या क्रेन साहेबांनी (वय अडुसष्ट) वर बोलावलं. वाटलं, राजीनामा मागणार. दोन उत्तरं तयार ठेवली होती, दोन्ही जळजळीत. पण त्यांनी खुर्ची दिली. म्हणाले, थ्रेलफॉल, युद्धानंतर इतक्या पँटी कधी खपल्या नव्हत्या. तुम्ही दारापाशी उभे राहाल का?

मी म्हणालो, साहेब, मी अपमानित माणूस आहे. ते म्हणाले, तसेच उभे राहा, छान दिसतं.

विचार करून होकार दिला. दुकानाच्या हितासाठी. राग कायम आहे, फक्त तो आता दारापाशी उभा असेल.

गुरुवार, १० ऑक्टोबर

निवडणुकीमुळे आज 'दुसरा मजला' नाही! पुढच्या आठवड्यावर ढकलला. देश चालवायचा कुणी ते काय, वर्षात दुसऱ्यांदा ठरवताहेत. पण लोकांचा हक्काचा अर्धा तास काढून घ्यायचा? खुर्ची पुढे ओढून, चहा घेऊन बसलो होतो. (हल्ली बसूनच बघतो. अंगठा.)

टीव्ही कंपनीला खरमरीत पत्र टाकलं. सोबत तांत्रिक चुकांची यादी: तो नट टेप उजव्या खांद्यावर टाकतो. मी डाव्या. तो गिऱ्हाइकासमोर वाकतो. मी कधीही वाकत नाही, मान हलवतो. माझी भूमिका करायची तर नीट करा म्हणावं.

सोमवार, १४ ऑक्टोबर

गावातल्या साप्ताहिकाचा वार्ताहर आला होता. मी त्याला मथळाही सुचवला: 'होय, पॉपलवेल मीच!' फोटोसाठी टेप डाव्या खांद्यावर.

क्वेल येऊन म्हणाला, थ्रेलफॉल, सही देता का? माझ्या मेहुणीला हवी आहे. मी म्हणालो, पँट घेणाऱ्यांनाच देतो. क्वेलचे गालिचे कुणी बघत नाही, म्हणून जळतो. त्याने माझी नक्कल बंद केली आहे. म्हणतो, अस्सल माल दारात असताना माझी कोण बघणार.

एनिडला विचारलं, माझी चाल पडद्यावर ठसकेबाज दिसते, प्रत्यक्षातही तशीच आहे ना? ती म्हणाली, ऑब्री, तुला हे खरंच आवडायला लागलंय का? मला फार राग आला. आवडण्याचा प्रश्नच नाही. ही जबाबदारी आहे.

सोमवार, २१ ऑक्टोबर
संध्याकाळी ७

फ्लोअर मॅनेजरच्या जागेची मुलाखत. धाकटे क्रेन साहेब म्हणाले, जागा तुमचीच आहे थ्रेलफॉल, ज्येष्ठता तुमची आहे. पण फ्लोअर मॅनेजर म्हणजे वेळापत्रकं, तक्रारी, काचेच्या खोलीत बसणं. गिऱ्हाइकाने तुम्हाला बघायचं कुठे? तुम्हीच ठरवा.

मी उभा राहिलो. म्हणालो, साहेब, काचेच्या खोलीत कुणीही बसेल. पॉपलवेल एकच आहे. ती जागा क्वेलला द्या.

क्रेन साहेबांनी चष्मा काढून पुसला. भारावले असावेत.

बाहेर मिस प्रॉसर भेटली. मी सांगितलं तर खूश व्हायचं सोडून चिडली. म्हणाली, अहो, एकोणतीस वर्षं त्या खुर्चीकडे बघत होतात ना तुम्ही? मग घेतली का नाही? टीव्हीवरची माणसं वर्षभराने कुणाला आठवतात? मी म्हणालो, मिस प्रॉसर, हातमोजे विकणाऱ्यांनी कलेबद्दल बोलू नये. ती म्हणाली, बरं. आणि निघून गेली.

एनिडला सांगितलं, ती बटाटे सोलत राहिली. चार माणसांना पुरतील एवढे सोलले.

बायकांना मोठेपण समजत नाही. उगाच डोकं तापलं.

शनिवार, २६ ऑक्टोबर

उद्या लंडनला! ख्रिसमसच्या खास भागाचं चित्रीकरण प्रेक्षकांसमोर होणार. दुकानातल्या तेवीस जणांची तिकिटं मिळाली, खास बस केली आहे. बस क्वेलने ठरवली. एवढं त्याला जमतं.

योजना: १) चित्रीकरणाआधी उभं राहून आभाराचं भाषण, चार मिनिटं. २) स्पिंकला जाहीर माफी. मी उदार आहे. ३) नटाला टेपबद्दल समज. ४) दुसऱ्या मालिकेसाठी सल्लागार म्हणून मानाचं पद. स्पिंक आग्रह करील, मी एकदा नाही म्हणेन.

भाषण एनिडला दोनदा म्हणून दाखवलं. तिने विचारलं, तो ओळखेल ना तुला? मी हसलो. मला! माझ्यावर ज्याचं घर चालतंय तो!

रविवार, २७ ऑक्टोबर
बसमध्ये. धक्के बसताहेत, अक्षर वाईट आहे.

क्रमाने लिहितो.

चित्रीकरणाआधी एक विनोदवीर येऊन लोकांना हसवत होता. त्याने विचारलं, इथे कुणी दुकानात काम करणारं आहे का? मी उभा राहिलो. म्हणालो, सभ्य स्त्रीपुरुषहो, पॉपलवेल तो मीच. हशा झाला. तो ओसरेपर्यंत मी भाषणाच्या पहिल्या ओळीसाठी थांबलो. तेवढ्यात विनोदवीर म्हणाला, या, या, या मोसमातले तुम्ही सहावे! गेल्या रविवारी लीड्सहून दोन आले होते, दोघांचं बाहेर भांडण झालं. लोक खुर्च्यांतून खाली यायच्या बेताला आले. मी उभाच होतो. एनिडने कोट ओढून बसवलं.

सहावा!

रागाने मला कार्यक्रम दिसलाच नाही.

नंतर चहाच्या खोलीत स्पिंक आला. पोट सुटलंय. (चाळीस.) क्वेल साहेब! म्हणून क्वेलला मिठी मारली. अहो, तुमच्या गालिच्यांमागे किती सिगारेटी ओढल्यात मी! मिस प्रॉसरचे दोन्ही हात धरले, तब्येत विचारली, आईची विचारली. मग माझ्याकडे वळला आणि फार अदबीने म्हणाला, आणि आपण?

मला वाटलं चेष्टा करतोय. एनिड म्हणाली, हे ऑब्री थ्रेलफॉल. पुरुषांचे कपडे. तुम्ही दीड वर्ष यांच्या हाताखाली होतात. स्पिंकने कपाळ चोळलं. म्हणाला, दीड वर्ष? माफ करा हं, चेहरा लक्षात राहत नाही माझ्या.

मी म्हणालो, तुम्हाला मी नोकरीवरून काढायला लावलं! लेखी तक्रार केली होती! तो म्हणाला, कसली तक्रार? पलंगावर लव्हिबॉन्ड साहेबांनी स्वतः पकडलं मला. पाय धरून ओढलं होतं. तुम्ही लिहिलंत का काही? अच्छा. वाचलं नसेल कुणी.

मग मी विचारलं. विचारायला नको होतं. सगळे ऐकत होते. म्हणालो, मग पॉपलवेल कोण? तो म्हणाला, लव्हिबॉन्ड, दुसरं कोण? ती कंबर ओरडणं, ती मान हलवणं, ते तीन प्रतींतलं वेड. तसे तुमच्या मजल्यावर सगळेच त्यांच्यासारखं बोलायचे, कोण कुठला ते कळायचं नाही.

क्वेल म्हणाला, स्पिंक, पुरे आता. क्वेल म्हणाला हे!

एक गोष्ट या वहीत लिहिलेली नाही. १९४५ साली पहिल्याच आठवड्यात लव्हिबॉन्ड साहेबांनी मला जिन्यावर उभं केलं आणि खालून जाणाऱ्या माणसांच्या कंबरा ओळखायला शिकवलं. दोन महिने लागले. पुढे ती विद्या माझीच वाटायला लागली.

लंडनला जाताना बसमध्ये सगळे गाणी म्हणत होते. आता कुणी म्हणत नाही. मला हसले असते तर उत्तर देता आलं असतं. क्वेलने मागून पेपरमिंटची पुडी पुढे केली. घेतली नाही. मग एनिडने घेतली आणि एक माझ्या हातात ठेवली.

मी म्हणालो, तुलाही हसू येत असेल. ती म्हणाली, नाही. पहिल्या दिवशी आलं होतं, कारण मला तूच दिसलास. मी म्हणालो, पण तो मी नव्हतो. ती म्हणाली, ते त्यांना माहीत. मला काय माहीत?

सोमवार, २८ ऑक्टोबर

सकाळी नऊला क्रेन साहेबांकडे गेलो. म्हणालो, साहेब, त्या जागेबद्दल मी फेरविचार करायला तयार आहे. ते म्हणाले, थ्रेलफॉल, क्वेलच्या नेमणुकीचं पत्र गेलं शनिवारी.

मजल्यावर मिस प्रॉसरने चहा आणून दिला, साखर घालून. चौघांवर ओरडलो. चौघेही हो सर म्हणाले.

मंगळवार, ५ नोव्हेंबर
संध्याकाळी ६.३०

बाहेर दरवर्षीचे पाच नोव्हेंबरचे फटाके वाजताहेत.

स्पिंकने लंडनच्या एका मोठ्या वर्तमानपत्राला मुलाखत दिली. त्यात लव्हिबॉन्ड साहेबांचं नाव आहे. फोटोही. ते गुरुवारी निवृत्त झाले आणि आज परत आले. क्रेन साहेबांनी त्यांना आठवड्यातून दोनदा दारापाशी उभं राहायला विनवलंय. लव्हिबॉन्ड साहेबांनी मालिका बघितलेलीच नाही. त्यांच्याकडे टीव्ही नाही. लोक का हसतात ते त्यांना कळत नाही, पण त्यांना आवडतं.

क्वेल काचेच्या खोलीत बसतो. दार उघडं ठेवतो.

मी माझ्या काउंटरवर. अकराच्या सुमाराला एक जोडपं आलं. बाईंनी विचारलं, टीव्हीवरचे ते गृहस्थ इथेच असतात ना हो? कॅमेरा घेऊन आलोय आम्ही. मी सांगितलं, मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी दोननंतर, मुख्य दारापाशी. बाईंनी आभार मानले. नवऱ्याने मला वर-खाली न्याहाळलं. म्हणाला, आणि तुम्ही? इथेच काम करता?

म्हणालो, हो.